घरात कुठली भाषा बोलता?

शाळेच्या बाई हा प्रश्न विचारायला आल्या त्या नेमक्या गणवेशांच्या हंगामात. तेव्हा माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एका बाजूला बेतून ठेवलेल्या पँटी, दुसऱ्या बाजूला काजांची वाट बघणारे शर्ट, आणि मधल्या स्टुलावर माझी नात भिंगरी, तोंडानं सगळ्याचं धावतं वर्णन करत. भिंगरी हे तिचं खरं नाव नाही. पण खरं नाव उच्चारून होईपर्यंत ती समोरून निघून गेलेली असते.

बाई घामाघूम झाल्या होत्या. त्यांना स्टूल दिलं, भिंगरीला कापडांच्या ढिगावर बसवलं. शाळेत या वर्षी पहिलीला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन त्यांना एकच गोष्ट विचारायची होती, आणि उत्तरही एकच लिहून न्यायचं होतं. घरात कुठली भाषा बोलता?

मला हसू आलं. आमच्या घराला हा प्रश्न विचारणं म्हणजे गोधडीला रंग कुठला म्हणून विचारण्यासारखं आहे.

मी भिंगरीशी आमच्या भाषेत बोलते. सूनबाई तिच्याशी तिच्या माहेरच्या भाषेत बोलते. माझा मुलगा आणि सूनबाई एकमेकांना भेटले ते बाजारात चालते त्या तिसऱ्याच भाषेत, प्रेमात पडले तेही तिच्यातच, आणि आता भांडतातही तिच्यातच, कारण दोघांनाही ती सारखीच कच्ची येते. शिवाय दोन गल्ल्या सोडून विहीणबाई राहतात, सूनबाईच्या आई. आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होत्या, आता घरी असतात. भिंगरी एक दिवसाआड दुपारी त्यांच्याकडे. तिथे सगळं त्यांच्या भाषेत. भिंगरी मला मशीनआजी म्हणते, त्यांना बसआजी. समोर कुणाचा चेहरा आहे ते बघून ती भाषा बदलते, जसा मी कापड बघून दोरा बदलते. मशीन थांबवावंसुद्धा लागत नाही.

हे सगळं मी त्या बाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, एकच सांगा हो आजी.

मग त्यांनी समजावलं. आतापर्यंत शाळेत पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत असायचं. पोरं पाठ करायची, पण कळायचं किती ते कुणी विचारत नव्हतं. आता वरून नवं धोरण आलं होतं. पहिली तीन वर्षं मुलांना घरच्या भाषेत शिकवायचं, इंग्रजीचा रोज एक तास गाण्यागोष्टींचा, आणि चौथीपासून हळूहळू इंग्रजी वाढवत न्यायचं. आमच्या शाळेत त्यासाठी पहिलीचे तीन वर्ग होणार होते. एक आमच्या भाषेचा, एक विहीणबाईंच्या भाषेचा, आणि ज्यांच्या घरातच इंग्रजी बोलतात अशा मुलांसाठी तिसरा, इंग्रजीचा. मी म्हटलं, रात्री मुलाला विचारून उद्या सांगते.

रात्री जेवताना विषय काढला. मुलगा पाणी प्यायला. सूनबाईनं भिंगरीची बाही उगाचच सारखी केली. त्यांच्या लग्नाच्या वेळी पत्रिकेवर कुणाची भाषा वर आणि कुणाची खाली यावरून दोन्हीकडच्या मंडळींनी असा काही गोंधळ घातला होता, की लग्न राहतं का जातं अशी पाळी आली होती. शेवटी पत्रिका इंग्रजीत छापली. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना ती वाचता आली नाही, त्यामुळे कुणालाच राग आला नाही. तेव्हापासून आमच्या घरात हा विषय काढायचा नाही असं न बोलता ठरलेलं आहे.

मुलगा म्हणाला, "इंग्रजी सांगू या."

सूनबाईनं सुटकेचा निश्वास टाकला. मीही टाकला. खोटं असलं तरी त्यात कुणाचं मन दुखत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर नुसती भांडणाची भीती नव्हती, लोभही होता. मुलगा आता एका मोठ्या हॉटेलच्या काउंटरवर आहे, पण त्याआधी दोन ठिकाणी त्याला इंग्रजीत नीट उत्तर देता आलं नाही म्हणून परत पाठवलं होतं. ते दोन दिवस तो घरी येऊन कसा बसला होता ते मी पाहिलंय. हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. आपल्या मुलीला तसं बसावं लागू नये असं त्याला वाटलं तर चुकलं कुठे?

गल्लीत सगळ्यांचं असंच काहीतरी झालं असणार. त्या आठवड्यात आमच्याकडे इंग्रजी बोलणारी घरं भराभर उगवली. इस्त्रीवाल्याच्या घरी इंग्रजी निघालं. भाजीवालीच्या घरी निघालं. इस्त्रीवाला मला म्हणाला, वहिनी, घरच्या भाषेच्या वर्गात पोरगं घालायचं आणि मोठ्या लोकांची पोरं तिकडे इंग्रजी शाळेत जाणार, मग माझंच पोरगं मागे का ठेवू? मी त्याच्या पोराचे दोन गणवेश घेतले शिवायला.

सांगितलंय तर खरं करून दाखवू म्हणून मुलानं घरात नियम काढला, रात्रीच्या जेवणाला इंग्रजी. पहिल्या रात्री मुलगा म्हणाला मीठ द्या, सूनबाई म्हणाली थँक यू, मी म्हटलं सॉरी, आणि सगळ्यांचं इंग्रजी संपलं. आमचं घर इतकं गप्प कधी जेवलं नव्हतं. चमच्याचे आवाज ऐकू येत होते. वरच्या मजल्यावरच्या बाई दुसऱ्या दिवशी विचारायला आल्या, तुमच्याकडे काही झालंय का. तिसऱ्या दिवशी भिंगरीला उचकी लागली आणि तिला पाठीवर थोपटत मी आणि सूनबाई आपापल्या भाषेत एकदम बोलायला लागलो, तिथे तो नियम मेला.

शाळा सुरू झाली. मी भिंगरीला इलॅस्टिकचा टाय शिवून दिला, ओढला की गालापर्यंत येऊन फट्दिशी परत बसणारा. पहिल्या दिवशी ती तो ओढत, सोडत, रस्ताभर बडबडत गेली. संध्याकाळी आल्यावरही बडबड चालूच, पण शाळेबद्दल अवाक्षर नाही. मी विचारलं, आज काय केलं? म्हणाली, बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. लहान मुलं शाळेतलं सांगत नाहीत, असं मी स्वतःला समजावलं आणि बाह्या जोडत राहिले.

काही आठवड्यांनी वर्गाच्या बाईंनी आम्हाला बोलावलं. मुलगा कामावर होता, म्हणून मी आणि सूनबाई गेलो. सूनबाई हॉस्पिटलात नर्स आहे, ती ड्यूटीवरून परस्पर आली. वर्गाच्या बाई तरुण होत्या, चेहऱ्यावर काळजी. त्यांनी आधी विचारलं, मुलीला नीट ऐकू येतं ना? आम्ही दोघी हसलोच. मग त्यांनी विचारलं, ती बोलते ना? त्यावर तर सूनबाईला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आम्हाला दाराच्या काचेतून आत बघायला सांगितलं.

आत भिंगरी बसली होती. हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. बाजूच्या पोरीनं काहीतरी विचारलं, हिनं मान हलवली. आत तास घेणाऱ्या दुसऱ्या बाईंनी चित्र दाखवून विचारलं, हिनं बोट दाखवलं. तोंड उघडलं नाही. माझ्या स्टुलावर बसून जगाचं वर्णन करणारी ती पोरगी नव्हतीच. माझ्या वर्गात अशी तीन-चार मुलं आहेत, वर्गाच्या बाई म्हणाल्या, पण ही सगळ्यांत गप्प. परवा तिला बाथरूमला जायचं होतं, ते इंग्रजीत कसं विचारायचं कळेना म्हणून ती शाळा सुटेपर्यंत दाबून बसली. हे ऐकल्यावर सूनबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाईंनी पुढचं नीट सांगितलं. सहामाहीपर्यंत जी मुलं बोलणार नाहीत त्यांची कानाची आणि बोलण्याची तपासणी होणार, आणि वर्ष संपायच्या आत त्यांना परत बालवाडीत बसवणार. नियमच तसा होता. पण वर्ग बदलायची मुभा अजून होती, शुक्रवारपर्यंत. दोन्ही भाषांच्या वर्गात एकेक जागा शिल्लक होती. फक्त घरातल्या कुणीतरी येऊन सांगायचं, कुठला वर्ग.

बालवाडीत परत. घरभर फिरून सगळ्यांना दोन भाषांत उपदेश करणारी माझी नात बालवाडीत परत बसणार, आणि तिला वाटणार की आपल्यातच काहीतरी कमी आहे. त्या रात्री मी शिवणाची टीप दोनदा उसवली.

वर्ग बदलायचा यावर घरात वाद झाला नाही. मुलानं मान हलवली. सूनबाई म्हणाली, तिच्या वॉर्डात एरवी फाडफाड इंग्रजी बोलणारे पेशंट येतात, पण दुखतं कुठे ते विचारलं की सगळे आपापल्या आईच्या भाषेवर येतात. इथपर्यंत सगळं ठीक. पण कुठला वर्ग म्हटल्यावर परत मुलगा पाणी प्यायला आणि परत सूनबाईनं बाही सारखी केली. बघू उद्या, म्हणाले. उद्याही बघू म्हणाले. दोघंही एकमेकांना इतके जपत होते की त्या जपण्यात पोरीचा शुक्रवार निघून जाणार होता.

आता मला काय वाटत होतं ते सांगते. मला माझी भाषा हवी होती, त्यात लपवायचं काय. भिंगरी बटणं मोजायला शिकली ती माझ्याकडून, माझ्या आकड्यांत. विहीणबाईंनाही त्यांची हवी असणार, भिंगरी त्यांच्याकडे बसचे थांबे म्हणायला शिकली होती, शेवटच्या थांब्यापर्यंत, त्यांच्या खणखणीत आवाजात. आमच्या दोघींत ही चुरस पहिल्यापासून होती. त्या आल्या की मी भिंगरीला मुद्दाम आमच्यातलं गाणं म्हणायला लावायची. मी गेले की त्या तिला थांबे म्हणायला लावायच्या. आणि मग आम्ही दोघी बाजारच्या मोडक्या भाषेत एकमेकींना म्हणायचो, वा, छान, किती हुशार.

पण बुधवारी दुकानात बसले असताना समोर बघत होते. समोरच्या पाट्या माझ्या भाषेत. पलीकडे दोन बायका भांडत होत्या त्या माझ्या भाषेत. दुकानात येणाऱ्या दहातल्या सात जणी माझ्याशी माझ्याच भाषेत बोलतात. विहीणबाईंची भाषा या गल्लीत कुठे आहे? माझ्या स्वयंपाकघरात, सूनबाईच्या तोंडात. लग्न होऊन माझ्या घरी आली तेव्हा ती एकटीच ती भाषा घेऊन आली होती, आणि भिंगरी होईपर्यंत तिच्याशी त्या भाषेत बोलायला घरात कुणी नव्हतं. मला हे आधी का सुचलं नाही कोण जाणे. मी टेप गळ्यातच ठेवून शाळेत गेले, ऑफिसात सांगितलं, मुलीला विहीणबाईंच्या भाषेच्या वर्गात घाला. आणि घरी येऊन कुणालाही काही न बोलता काजं करत बसले.

शुक्रवारी सकाळी शाळेतून निरोप आला, मोठ्या बाईंनी बोलावलंय, लगेच या.

मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर मुलांसाठी केलेला बुटका बाक आहे, बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. त्यावर विहीणबाई आधीच बसल्या होत्या. मला बघून त्या दचकल्या. मीही दचकले. मी म्हटलं, मापं घ्यायला आलेय. त्या म्हणाल्या, मी इकडून चालले होते. जणू बसचा रस्ता मोठ्या बाईंच्या खोलीतूनच जातो. मग आम्ही दोघी गुडघे हनुवटीला लावून समोरच्या भिंतीवरचे प्राणी बघत बसलो.

तेवढ्यात मुलगा आला, हॉटेलच्या कोटातच. मागोमाग सूनबाई. आम्हाला दोघींना तिथे बघून त्यांना काही कळेना, आणि आम्हाला कळलं असूनही सांगवेना.

आत मोठ्या बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. म्हणाल्या, आज सकाळी दोन वर्गांत एकाच मुलीचं नाव पुकारलं गेलं, आणि ती मुलगी तिसऱ्याच वर्गात बसलेली आहे. ही एकच मुलगी आहे ना, की जुळी?

मग त्यांनी सांगितलं. बुधवारी या आजी आल्या आणि म्हणाल्या, विहीणबाईंची भाषा. गुरुवारी त्या आजी आल्या आणि म्हणाल्या, या आजींची.

मी विहीणबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही माझी भाषा सांगितलीत?" त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही माझी?"

"अहो, पोरगी राहते तुमच्या घरात. अभ्यास घेणार तुम्ही. मला कुठे वाचता येतं? मी आपली तिकिटांवरचे आकडे वाचले आयुष्यभर."

"मग मला तरी कुठे शिकवलं होतं कुणी? मीही शिकले मापांच्या वहीवरून. तुमची भाषा बोलायला या गल्लीत आहे कोण?"

"माझी लेक आहे की. तुमचं काय? तुमचा मुलगा तुम्हालाच बाजारच्या भाषेत उत्तरं देतो, मी ऐकलंय."

"ते कामावरून दमून आल्यावर देतो."

"रोजच दमतो मग."

आणि आम्ही भांडायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा नीट, मन मोकळं करून. मी त्यांच्या भाषेची बाजू घेत होते, त्या माझ्या. भांडता भांडता बाजारची भाषा अपुरी पडली तेव्हा मी त्यांच्यातले चार शब्द मारले, सूनबाईकडून ऐकलेले, आणि त्यांनी माझ्यातले चार परत मारले, तेही बरेच तिखट, म्हणजे भाजीवालीकडून शिकलेले असणार. मुलगा दोघींच्या मध्ये कोट सावरत उभा होता. सूनबाई आधी हसली. मग तिला हसू थांबवता येईना आणि ती खुर्चीवर बसून डोळे पुसत राहिली, आणि त्या डोळे पुसण्यात सगळं हसूच नव्हतं.

मोठ्या बाईंनी टेबलावर पेन्सिल वाजवली. "माझ्याकडे एक मूल एकाच वर्गात बसतं," त्या म्हणाल्या, "आणि आजी दोघीही वर्गाबाहेर."

मुलानं मग तेवढ्यात धीर करून विचारलं, जे त्याच्या मनात होतं तेच. इंग्रजी मागे पडलं तर? मोठ्या बाईंनी त्याला उडवून लावलं नाही. म्हणाल्या, इंग्रजी हवंच, त्यावर माझं भांडण नाही. चौथीत सगळं छान होईल असा शब्द मी देत नाही, हे धोरण नवं आहे, आमचीही परीक्षाच आहे. पण आत्ता तुमची मुलगी माझ्या शाळेत एकाही भाषेत बोलत नाही. गप्प पोराला मी इंग्रजी तरी कुठल्या वाटेनं शिकवू? आधी तोंड उघडू दे.

मुलानं कोटाचं बटण लावलं. मग म्हणाला, ठीक आहे.

राहिला प्रश्न कुठल्या वर्गाचा. आता आम्ही दोघी इतक्या उदार झालो होतो की कुणीच मागे हटेना. मोठ्या बाई कंटाळल्या. त्यांनी ठरवलं, सोमवारी मुलीला एका वर्गात बसवते, मंगळवारी दुसऱ्या. जिथे बोलेल तो तिचा वर्ग. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. इतकी सोपी गोष्ट मोठ्या माणसांना सुचायला एवढा आटापिटा करावा लागला.

सोमवारी ती आमच्या भाषेच्या वर्गात बसली. संध्याकाळी तिथल्या बाईंचा निरोप आला, बोलली. मंगळवारी विहीणबाईंच्या भाषेच्या वर्गात बसली. संध्याकाळी तिथल्याही बाईंचा निरोप आला, बोलली, बरंच बोलली. म्हणजे आम्ही परत होतो तिथेच. शेवटी मोठ्या बाईंनी वैतागून तिलाच विचारलं. भिंगरी एका दमात म्हणाली, दुसरा वर्ग, कारण तिथे काचेच्या पेटीत कासव आहे आणि त्याला पानं घालायची पाळी बुधवारी असते.

इतकी वर्षं दोन घरं ज्यावरून मनात कुढत होती, त्याचा निकाल एका कासवानं लावला.

खोटं कशाला बोलू, मला लागलं थोडं. मीच सांगायला गेले होते, तरीही लागलं. विहीणबाईंना ते दिसलं. त्या संध्याकाळी दुकानात येऊन बसल्या आणि माझ्या ढिगातली बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत राहिल्या. मग म्हणाल्या, कासवाला काही भाषा नसते हो विहीणबाई. मी म्हटलं, पानं तर घालावी लागतात ना. त्या हसल्या. मीही.

आता खरी पंचाईत. भिंगरीचा अभ्यास घ्यायचा तो मी, आणि तिच्या वर्गाची अक्षरं मला येत नाहीत. विहीणबाईंनाही आकड्यांपलीकडे फारशी येत नाहीत. सूनबाईला येतात, पण तिची ड्यूटी. तेव्हा सूनबाईनं आम्हा दोघींसाठी मोठ्या पुठ्ठ्यावर अक्षरं काढून मशीनसमोरच्या भिंतीला लावली. गिऱ्हाईकं विचारतात, हे काय? मी सांगते, फॅशन आहे. भिंगरी शाळेतून आली की दोघी आज्यांना समोर बसवून शिकवते, चुकलं की मान अशी हलवते की नको नको होतं. विहीणबाई माझ्यापेक्षा हळू आहेत, हे मी त्यांना सांगत नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळतं. मला त्यांची अक्षरं यायला लागली तशी त्यांना माझी हवीशी झाली. आता भिंतीवर दोन पुठ्ठे आहेत. इस्त्रीवाला एकदा ते बराच वेळ बघत उभा राहिला. पुढच्या आठवड्यात भाजीवालीकडून कळलं की मुदत टळून गेली तरी मोठ्या बाईंना गळ घालून त्यानंही पोराचा वर्ग बदलून घेतला.

आणि सहामाहीच्या आधी परत शाळेतून बोलावणं आलं. पालकांनी यावं, वर्गाच्या बाईंना मुलीबद्दल बोलायचं आहे.

मागचं बोलावणं कुणी विसरलं नव्हतं. मुलानं सुट्टी काढली. सूनबाईनं ड्यूटी बदलून घेतली. विहीणबाई ठेवणीतले कपडे घालून आल्या, मी दुकानाला कुलूप घातलं. रस्त्यानं चौघं एका ओळीत, आणि पुढे भिंगरी.

विहीणबाईंच्या भाषेच्या वर्गाच्या बाई वयानं मोठ्या होत्या, आवाज बसलेला. आम्हाला चौघांना बघून त्या जरा गोंधळल्या, खुर्च्या दोनच होत्या. मग त्यांनी सुरुवात केली, त्यांच्याच भाषेत, सूनबाईकडे बघून. म्हणाल्या, तक्रार आहे. मुलगी हुशार आहे, पण थांबतच नाही. गणिताला बोलते. चित्रं काढताना बोलते. कासवाशी बोलते, आणि कासव उत्तर देत नाही म्हणून त्याच्या वतीनंही तीच बोलते. शेजारच्या मुलाची जागा तीनदा बदलली, तिच्या प्रत्येक नव्या शेजाऱ्यालाही बोलायची सवय लागली. इंग्रजीच्या तासाला तर कळसच. इंग्रजीच्या बाईंना हात करून थांबवते, वन मिनिट म्हणते, आणि आपलं म्हणणं पुरं करते.

"इंग्रजीत?" मुलगा एकदम पुढे सरकला.

"जेवढं येतं तेवढं इंग्रजीत, उरलेलं आमच्या भाषेत. चुकतं बरंच, पण तिला त्याची फिकीर नाही." बाईंनी कपाळावर हात ठेवला. "मला तास पुढे न्यायचा असतो हो. तुम्ही घरी जरा समजवा तिला."

आम्ही गंभीर चेहऱ्यानं ऐकायचा फार प्रयत्न केला. मुलाचा चेहरा तर उजळून निघाला होता, जणू बाई बक्षीस देत होत्या. सूनबाई ओठ चावत होती. तिनं कसंबसं म्हटलं, हो बाई, आम्ही बोलू तिच्याशी, आणि आपण काय म्हटलं ते लक्षात येऊन परत ओठ चावले. बाई चक्रावल्या होत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत तक्रार ऐकून एवढं खूश झालेलं घर त्यांनी पाहिलं नसावं.

विहीणबाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या. कंडक्टरच्या आवाजात, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाई, ते कासवाचं आणि वन मिनिटचं जरा परत सांगा. आमच्या विहीणबाईंना आपली भाषा येत नाही, त्यांना नीट कळलं नसेल."

मला शब्दन्‌शब्द कळला होता, आणि ते विहीणबाईंना चांगलं ठाऊक होतं. पण मी नुसती मान हलवली. बाईंनी एक मोठा उसासा टाकला, आणि पहिल्यापासून परत सगळी तक्रार सांगायला घेतली.